काचेमागचं तेल

बाबुलाल शेठनी उमाजीला चोर म्हटलं ते सकाळच्या हजेरीला, डेपोच्या फाटकात, सगळ्यांच्या देखत. लाकडं चिरणारे आरावाले होते, हमाल होते, सिरोंच्याकडचे दोन लॉरीवाले होते, आणि कारकून म्हणून मीही होतोच. उमाजी मोटारीचं नाक पुसत होता. त्याचा हात थांबला, त्यानं शेठकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागला. मला त्याचाच राग आला. माणसाला चोर म्हटल्यावर त्यानं तोंड उघडावं की नाही! मी असतो तर ते फडकं शेठच्या अंगावर फेकलं असतं, असं मला वाटलं. नोकरी गेल्यावर खाल्लं काय असतं, ते मात्र डोक्यात आलं नाही.

आमचा डेपो आलापल्लीच्या अलीकडे, सडकेला लागून. साल चोपन्न-पंचावन्न असेल. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली नुसती तहसील. बाबुलाल शेठ सागवानाचे ठेकेदार. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात आलेलं तोंडावाटे बाहेर पडायला त्यांना क्षणभरही लागत नसे. कोळशाच्या खाणीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली दोन माणसांची बसकी मोटार विकून गेला, ती शेठनी घेतली. लढाईच्या आधीची, शर्यतीच्या घाटाची गाडी. लांब नाक, कापडी टप, पोट जमिनीला टेकलेलं. आमच्या जंगलातल्या सडकांवर तिचं काय काम होतं ते देव जाणे. बैलगाड्यांच्या चाकोरीत ती अडकायची आणि मग हमाल तिला उचलून बाहेर ठेवायचे. पण चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत तशी दुसरी मोटार नव्हती, आणि शेठला तेवढं पुरे होतं.

त्यातही शेठचा खरा जीव तिच्या घड्याळांवर. समोरच्या लाकडी फळीवर गोल गोल काचा होत्या. एक वेगाची, तिच्यातच मैल मोजणारे आकडे, एक इंजिनातल्या तेलाची, एक पाण्याच्या उष्णतेची, एक पेट्रोलची. शेठ स्वतः चालवत नसत. शेजारी बसून ते वेगाच्या काट्याकडे बघत, आणि काटा चाळिसावर गेला की त्या दिवशी कोणालाही शिव्या मिळत नसत.

दसऱ्यानंतर ऊन कडक पडलं आणि त्या काचांमागे तेल दिसायला लागलं. आधी वेगाच्या काचेत खालच्या अंगाला जरासं, मग ते चढत गेलं आणि आकडे बुडाले. काटा चिकटला. मैलांचे आकडे फिरायचे थांबले. पाठोपाठ पेट्रोलचा काटाही आंधळा झाला. शेठच्या नजरेला एवढंच पडलं की पिंपातलं पेट्रोल रोज कमी होतंय आणि मैलांचा आकडा जागचा हलत नाही. म्हणजे उमाजीनं मुद्दाम आत तेल सोडून मीटर बंद पाडलं, आणि पेट्रोल बाहेर काढतोय. हे डोक्यात आलं आणि लगेच फाटकात बोलून झालं.

उमाजी मुळात गाडीवान. जंगलातून सागाचे ओंडके बैलगाडीवर घालून डेपोत आणायचं काम त्यानं उमेदीची सगळी वर्षं केलं. मग लॉऱ्या आल्या, गाड्या बसल्या. त्याच्या जोडीतला एक बैल खुरीच्या साथीत गेला, दुसरा म्हातारा होऊन त्याच्या साळ्याच्या गावी चरत होता. उमाजी दारू पीत नाही, एवढ्या एका गुणावर शेठनी त्याला मोटार शिकवली. हाताला तो हलका होता. खड्डा आला की मोटारीला तोंडानं ‘हळू, हळू’ म्हणायचा, ते ऐकून मला हसू यायचं. तिच्यासाठी त्यानं शेडमध्ये खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरलं होतं. चाकाखाली तणस कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “थंडीत बरं वाटते जी.” कोणाला, ते मी विचारलं नाही.

चोरीची बातमी लॉरीवाल्यांबरोबर गेली. उमाजीची मुलगी कुंता त्याच वैशाखात सिरोंच्याला दिली होती. तिची ही पहिली दिवाळी. उमाजीच्या बायकोनं, मनकर्णेनं, घर सारवून ठेवलं होतं, लेक-जावयाच्या वाटेकडे डोळे लावले होते. दिवाळीच्या तोंडावर लॉरीवाल्यानं निरोप आणला, की कुंताचा सासरा म्हणतो, चोराच्या घरी सून पाठवत नाही. मनकर्णेनं निरोप ऐकला आणि चुलीपुढे जाऊन बसली. उमाजी माझ्याकडे आला. “बाबू,” तो म्हणाला, “शेठ काई बी म्हनू दे, मी ऐकून घेईन. पण पोरीले काऊन तोडते हो ते लोक?”  

शेठनी त्याला लगेच काढलं नाही, कारण दुसरा कोणी ती मोटार चालवू शकत नव्हता. त्यांनी ठरवलं, की मोटार चांद्याला खुर्शीद मिस्त्रीकडे न्यायची, काचा साफ करून घ्यायच्या आणि तेल कुठून आलं ते विचारायचं. ते यंत्रातून आलं असेल तर उमाजी सुटला. बाहेरून आलं असेल तर ते कोणाच्या तरी हातानं आलं, आणि मोटारीला लागणारा हात एकच होता. नजर ठेवायला म्हणून मला बरोबर पाठवलं. उमाजीला ते कळलं होतं. वाटेत वैनगंगेवर दोन नावा एकमेकींना बांधून त्यावर मोटार चढवली, तेव्हा तो मला म्हणाला, “बाबू, तुमी खाली उतरा, मंग चढवतो. काई झालं तं तुमी कायले बुडता?” मी नजर ठेवायला आलो होतो आणि तो माझी काळजी करत होता. मला शेठचा, सडकेचा, धुळीचा आणि स्वतःचा, असा सगळ्यांचा मिळून संताप आला.

खुर्शीद मिस्त्रीचं दुकान जटपुरा गेटाबाहेर, लिंबाखाली, पत्र्याच्या छपरात. लढाईत तो फौजेच्या लॉऱ्या दुरुस्त करायला आसामकडे जाऊन आला होता, आणि त्या लॉऱ्यांच्या गोष्टी ऐकल्याशिवाय तो कोणाच्या गाडीला हात लावत नसे. आम्ही ऐकल्या. मग त्यानं फळी सोडली, घड्याळं बाहेर काढली, एक उघडलं आणि आतलं तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं. धूळ आणि आतला रंग मिसळून ते मळकट झालं होतं. त्यानं वास घेतला, बोटांत चोळलं आणि लगेच निकाल दिला.

“ही पाहा नळी,” त्यानं मला तांब्याची एक बारीक नळी दाखवली. “इंजनमधलं तेल या नळीतून वर घड्याळात येते, त्याच्या जोरानं काटा हलते. नळीचा हा सांधा ओला हाय. इथून तेल उडते अन् बाकीच्या घड्याळांत जाते. खेल खतम!”

मी उमाजीकडे बघून हसलो. मिस्त्रीनं सांध्यात चामड्याची नवी चकती घातली, घड्याळं धुऊन बसवली, इंजिन चालू करून दाखवलं. सांधा कोरडा. आतून त्याच्या बायकोनं, नजमाबींनी, चहा पाठवला. उमाजीनं दोन्ही हातांनी कप धरला आणि म्हणाला, “म्हणजे तिचीच नस फुटली होती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वेगाच्या काचेत पुन्हा तेल.

मिस्त्री चिडला. चिडला की तो हिंदीत बोलायचा आणि मोटार बनवणाऱ्या गोऱ्यांच्या सात पिढ्यांना हाक मारायचा. शिव्या संपल्यावर म्हणाला, “असं हाय का? मंग तार हाय!” गिअरच्या पेटीतून एक तार वेगाच्या घड्याळापर्यंत जाते, चाकं फिरली की तार फिरते, तार फिरली की काटा. त्या फिरत्या तारेवरून पेटीतलं तेल वर चढतं, असं त्यानं फौजेत पाहिलं होतं. त्यानं ती तार नळीतून ओढून काढली, रॉकेलमध्ये धुतली, पेटीच्या तोंडाशी तेल अडवणारी नवीन चकती बसवली. मला ते पटलं. पटवून घ्यायलाच मी बसलो होतो. नळी नाही तर तार, तार नाही तर आणखी काही, पण तेल मोटारीच्या पोटातून यावं, एवढंच माझं मागणं होतं. मी उमाजीवर नजर ठेवायला आलो होतो आणि त्याच्या बाजूचा वकील होऊन बसलो होतो.

गाडी छपराबाहेर उन्हात उभी केली. मिस्त्री जेवायला गेला. तो परत आला तोवर काचेत तेल उतरलं होतं. आणि या वेळी इंजिन चालू केलंच नव्हतं, चाक एक बोटभरही फिरलं नव्हतं.

मिस्त्रीनं काचेवर बोट टेकवलं.  मग तो हळू आवाजात म्हणाला, “बाबू, इंजन बंद, तर नळीत जोर नाई. चाक बंद, तर तार नाई. हे तेल खालून येत नाई. वरून येते. सकाळी येत नाई, दुपारी उन्हात येते.” आणि त्यानं उमाजीकडे पाहिलं. मीही पाहिलं. उमाजी लिंबाखाली मोटारीचा कापडी टप शिवत बसला होता. 

गळती शोधायची मिस्त्रीची एक रीत होती. संशय येईल त्या जागा पुसून कोरड्या करायच्या, त्यावर खडूची भुकटी उडवायची आणि वाट बघायची. तेल जिथून निघतं तिथून भुकटी ओली होते आणि वाट उमटते. त्या दिवशी खडू नव्हता. दिवाळीत शेजारच्या घराला लावून उरलेला कोरडा चुना होता. तोच त्यानं फळीच्या मागे, काचेच्या चौकटीखाली, जिथं बोट पोहोचेल तिथं फासला, आणि आम्ही दोघं मोटारीत डोकं घालून उन्हात बसलो.

थोड्या वेळानं चुन्यावर एक ओघळ उमटला. समोरच्या काचेची चौकट मोटारीच्या अंगावर जिथं बसवलेली असते, तिथल्या स्क्रूच्या भोकातून तो निघाला होता. मोटारीचं लांब नाक संपतं आणि काच सुरू होते, ती ही जागा. घड्याळं बरोबर तिच्याखाली. ओघळ खाली आला, फांदीसारखा फुटला. आणि तो लाल होता.

“रक्त!” असं मी म्हणालो, ते मला आजही आठवतं.

मिस्त्रीनं बोटानं तो लाल चुना उचलला आणि नाकाशी नेला. “रगत कायचं, बाबू? पाय मुरगळला की काय लावता तुमी?”

हळद आणि चुना. कालवला की लाल होतो, हे घराघरात माहीत असलेलं. त्या तेलात हळद होती. काचेत ती मळकट दिसत होती, चुन्यानं तिला उघडं पाडलं. पण मोटारीला हळद कोण लावतो? चोरी करणारा मीटर बिघडवायला माती घालील, वाळू घालील. हळद घालणारा चोर मी ऐकला नव्हता, मिस्त्रीनं फौजेतसुद्धा ऐकला नव्हता.

आम्ही उमाजीला हाक मारली. तो आला, वाकून आत बघितलं, लाल ओघळ बघितला.

“हळद हाय का रे यात?” मिस्त्रीनं विचारलं.

“असंल जी. मीच लावलो होतो.”

“कायले?”

उमाजीनं आमच्याकडे असं पाहिलं, की एवढंही माहीत नाही का तुम्हाला. “पोळ्याच्या आदल्या दिवशी. खांद शेकलो.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांना धुतात, आणि वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले त्यांचे खांदे शेकतात. तूप नाहीतर लोणी गरम करायचं, त्यात हळद घालायची, पळसाच्या पानानं हळूहळू खांद्यावर चोळायचं. मग त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. लॉऱ्या आल्या तेव्हापासून उमाजीच्या दारात बैल नव्हते. गावात सगळे खांदे शेकत असताना हा रिकाम्या हातानं बसणार कसा? पहिल्या वर्षी तो कसाबसा बसला. पुढच्या वर्षी शेडचं दार लावून घेऊन त्यानं मोटारीचे खांदे शेकले. तेव्हापासून दर पोळ्याला शेकत होता. मोटारीचा खांदा कुठला, हेही त्यानं विचार करून ठरवलं होतं. नाक संपतं आणि माणसं बसायची जागा सुरू होते, तिथंच जू बसलं असतं.

“तूप होतं का?” मिस्त्रीनं विचारलं. त्याचा आवाज मघाचा राहिला नव्हता.

“तूप कुठी हो आमच्या घरी? टोळीचं तेल होतं. चांगलं वाटीभर गरम करून जिरवलो. लई पेते ती.”

टोळीचं तेल म्हणजे मोहाच्या बियांचं. आमच्या भागात ते दिव्यातही जातं आणि भाजीतही. गारठ्यात तुपासारखं गोठतं, उन्हात पातळ होतं. ‘लई पेते’ म्हणजे वरून ओतलेलं तेल मोटार गटागटा पिते, असं याला वाटत होतं. ते स्क्रूच्या भोकांतून आत जात होतं, फळीमागच्या नमद्यात, त्या जाड लोकरी अस्तरात, मुरत होतं, आणि ऊन तापलं की थेंब थेंब घड्याळांत उतरत होतं. इतक्या पोळ्यांचं तेल!

“आवतण पण दिलं का रे तिला?” मिस्त्री म्हणाला.

“दिलो जी. बैलाले देतो तं तिले काऊन नाई?”

मिस्त्री हसायला लागला. हसता हसता तो मोटारीच्या पायरीवर बसला, डोळे पुसले, आणि मग त्याचं हसू थांबलं, कारण उमाजी हसत नव्हता. तो काचेकडे बघत होता. चोर म्हटलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला नव्हता. “म्हणजे तिचे डोळे मीच फोडलो,” तो म्हणाला. “शेठ बरोबरच बोलले म्हणा. माझ्याच हातानं झालं.”

“अरे येड्या, चोरी नाई केली ना तू!” मी ओरडलोच त्याच्यावर. मला इतका आनंद झाला होता, की तो ओरडण्यावाचून बाहेर पडेना.

शेठ लाकडाच्या लिलावासाठी त्याच आठवड्यात चांद्याला आले. मिस्त्रीनं त्यांना उन्हात उभं करून सगळं दाखवलं. नमद्याचा तुकडा पिळून त्यातली पिवळी धार काढली, ती चुन्यावर धरून लाल करून दाखवली. शेठ आधी ऐकत होते, मग ‘आवतण’ या शब्दाशी आल्यावर तेही पोट धरून हसले. उमाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “चल, गाडी काढ.” म्हणजे झालं, संपलं, असं त्यांना वाटलं.

“शेठ,” खुर्शीद मिस्त्री म्हणाला, “चोर जिथं बोललात ना, तिथंच उभं राहून ‘नाई’ बोला. माझी मजुरी समजा ती.”

“बोलतो की,” शेठ म्हणाले.

आणि बोललेही, खोटं कशाला सांगू? डेपोत परत आल्यावर हजेरीच्या वेळी ते म्हणाले, “अन् हो, उमाजीचा काही कसूर नव्हता बरं का.” तेवढ्यात आरा सुरू झाला. निम्मे हमाल अजून यायचे होते. सिरोंच्याचे लॉरीवाले त्या दिवशी नव्हतेच. चोर म्हणताना शेठचा आवाज सडकेपर्यंत गेला होता. हे बोलणं फाटकाबाहेरही गेलं नाही. ‘परत एकदा सांगा’ असं शेठला कोण म्हणणार? मी तरी म्हणालो नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मीठमिरची घ्यायला आलापल्लीत गेलो, तर एका ठिकाणी ही गर्दी. मधे उमाजी. त्यानं एका बैलगाडीचा जुवाडा, म्हणजे तिचं जू, मोटार म्हणून समोर घेतला होता, आणि पळसाच्या पानानं तो शेकत होता. “पे बाई पे, उद्या जेवाले ये,” असं म्हणत होता. मग मोटार होऊन स्वतःच डोळे मिटत होता, आंधळ्यासारखा चाचपडत होता. मग शेठ होऊन ओरडत होता, मग मिस्त्री होऊन चुना फासत होता. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. बाया टोपल्या खाली ठेवून हसत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला हाताला धरून बाजूला ओढलं. “लाज नाही वाटत? स्वतःचा तमाशा करतोस? आम्ही तिकडे उन्हात मरून तुझं नाव धुतलं, ते यासाठी?”

उमाजीनं अंगावरची धूळ झटकली. तो घामानं भिजला होता. “बाबू, रागवू नका. चोर म्हनलं ती गोष्ट आपल्या पायानं सिरोंच्याले गेली. तिले कोनी न्यावं लागलं नाई. अन् ‘चोरी केली नाई’ असं मी सांगत हिंडलो तं कोन थांबते ऐकाले? ‘सगळेच चोर असं म्हनतेत’ म्हनतीन. हसाची गोष्ट असली म्हनजे थांबतेत, ऐकतेत, घरी जाऊन बायकोले सांगतेत. सांगू द्या. मले येडा म्हनू द्या.”

मी त्याचा हात सोडला. तो परत गर्दीत गेला. मीठ न घेताच मी घरी आलो, आणि त्याला जे बोललो त्याची पुढे कितीतरी दिवस मला शरम वाटत होती.

पौषात मला लाकडाच्या कामानं सिरोंच्याला जायचं होतं. लॉरी सुटायच्या आधी उमाजी आला. हातात काही नव्हतं, पोरीसाठी पुडी-बिडीही नव्हती. “तिकडं सांगता का, बाबू?” एवढंच म्हणाला. 

कुंताचा सासरा पोचम गोदावरीच्या काठी राहत होता. मासे धरणारं घर. अंगणात जाळी वाळत होती, एक नाव उपडी घालून ठेवली होती. मी कोण ते सांगितलं. पोचमनं मला खाट दिली, पण तोंड वळवून बसला. त्याचं मराठी तोडकं, माझं तेलुगू त्याहून तोडकं. मी सुरुवात केली, की उमाजीनं चोरी केली नाही. तो मान हलवत जाळं विणत राहिला. सगळेच असं म्हणतात, असं त्याच्या मानेत होतं. दाराआड बांगड्या वाजल्या. कुंता उभी होती. लग्नात पाहिली होती त्याच्या अर्धी झाली होती.

मग मी टोपी काढून खाटेवर ठेवली. धोतराचा काचा मारला. मी, मॅट्रिक झालेला कारकून, ज्याच्यापुढे हमाल उभे राहतात, तो मी त्या उपड्या नावेपाशी गेलो आणि तिचे खांदे शेकायला लागलो. “पे बाई पे,” मी म्हणालो, “उद्या जेवाले ये.” पोचमचा हात जाळ्यावर थांबला. शेजारचे दोघे-तिघे कुंपणाशी आले. मी डोळे मिटून मोटार झालो, शेठ होऊन ओरडलो, मिस्त्री होऊन नावेला चुना फासला. मला नक्कल येत नाही. फार वाईट झाली असणार. पण पोचम आधी मिशीत हसला, मग मोठ्यानं, आणि शेजाऱ्यांना तेलुगूत समजावून सांगायला लागला. त्यात ‘पोळा’ आणि ‘मोटार’ एवढं मला कळलं. सगळं सांगून झाल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, “तप्पु लेदु.” कसूर नाही, एवढं तेलुगू मला येत होतं.

मी नावेवर बसलो. मला दम लागला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पुसलं नाही. दारात कुंता तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि तिचेही डोळे वाहत होते. पोचम तिला काहीतरी म्हणाला. ती पाण्याचा गडवा घेऊन माझ्यापुढे आली.

“बाबूजी, मामा पुसून राह्यले, तुमची लॉरी परत कवा जाते?” ती म्हणाली. “एका मानसाची जागा हाय का म्हने तिच्यात?”

“आहे,” मी म्हणालो. गडवा माझ्या हातात देऊन ती आत पळाली, आणि पाणी पिता पिता तिची पेटी उघडल्याचा आवाज मी ऐकला.